नकाशाच्या कोपऱ्यातले चार दिवस

पारशिवनीच्या शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. भारताचा नकाशा फळ्याशेजारी टांगायचा, हातात छडी घ्यायची, काश्मीरपासून निघून कन्याकुमारीपर्यंत यायचे, आणि तास संपायला दोन मिनिटे उरली की उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर छडी टेकवून म्हणायचे, "आणि ही अंदमान-निकोबार बेटे." एवढ्यात घंटा व्हायची. त्या ठिपक्यांना मी कधीही दोन मिनिटांहून अधिक वेळ दिला नाही. अखेर त्यांनीच माझा तास घेतला, त्याची ही हकिकत.

झाले असे, की गेल्या डिसेंबरात आमच्या लग्नाला छत्तीस वर्षे पूर्ण झाली. पुण्याची मुलगी आणि बंगळूरचा मुलगा यांनी आपापसांत खलबत करून अंदमानातल्या एका बेटावर, समुद्रकाठच्या एका बड्या रिसॉर्टमध्ये, आम्हा दोघांसाठी चार रात्रींची खोली घेतली. पैसे भरले आणि मग आम्हाला कळवले. एका रात्रीचे भाडे ऐकून मी मनाशी हिशेब केला. नोकरीला लागलो त्या वर्षी बारा महिन्यांत मला जेवढा पगार मिळाला होता, त्याहून ते जास्त होते. हा आकडा सौ.च्या कानावर जाऊ द्यायचा नाही, असे आम्हा बापलेकांत ठरले. तिला तो दुसऱ्याच दिवशी कळला.

"एवढ्या पैशात गळकी गच्ची दुरुस्त झाली असती नं," ती म्हणाली, आणि चिवड्याचा डबा, जवसाची चटणी व लोणच्याची बरणी बांधायला लागली.

नागपूरहून चेन्नई आणि चेन्नईहून पोर्ट ब्लेअर असा आमचा प्रवास झाला. त्या शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले, पण लोकांच्या तोंडी अजून जुनेच आहे. चेन्नईपासून ते सुमारे साडेतेराशे किलोमीटर समुद्रापार. विमानातून खाली हिरवी बेटे दिसू लागली, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. मी वर्गात ५७२ बेटे सांगत असे. आताच्या गणतीत लहानमोठी बेटे आणि खडक धरून ८३६ भरतात आणि माणसांची वस्ती त्यांतल्या जेमतेम तिसेक बेटांवर आहे, असे मी सौ.ला सांगत होतो. ती खिडकीतून पाहत होती. "अहो, पाहा तरी," एवढेच ती म्हणाली.

मराठी माणूस त्या गावी उतरला आणि सेल्युलर जेल न पाहता पुढे गेला, असे होत नाही. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे हा तुरुंग बांधला जात होता. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती आणि त्यांत ६९३ कोठड्या. आज त्यांतल्या तीन इमारती उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांना ४ जुलै १९११ रोजी येथे आणले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीच येथे होते. दोघे सख्खे भाऊ एका तुरुंगात, पण भेट नाही! बांधणीच अशी, की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे. कैद्याने दारातून पाहिले, तर समोर दुसऱ्या माणसाचे तोंड म्हणून दिसायचे नाही.

"एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून केवढा विचार केला यांनी!" सौ. म्हणाली. गजांना हात लावून ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बोटीने दोनेक तासांत आम्ही आमच्या बेटावर पोहोचलो. १८५७ च्या धामधुमीतल्या एका इंग्रज सेनानीच्या नावावरून याला हॅवलॉक म्हणत. नेताजी सुभाषचंद्र बोस १९४३ च्या डिसेंबरात अंदमानात आले आणि पोर्ट ब्लेअरला त्यांनी तिरंगा फडकवला. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, २०१८ साली, या बेटाचे नाव स्वराज द्वीप ठेवण्यात आले.

रिसॉर्टचे वर्णन काय करू? माडांच्या गर्दीत सुटी सुटी घरे. बाहेरून गवती छपराची झोपडी, आत राजवाडा. पलंग एवढा मोठा, की आमच्या घरी आल्यागेल्या चार पाहुण्यांची सोय त्यावर झाली असती. दारात पाऊल टाकताच एका मुलाने थंड शहाळी पुढे केली, दुसऱ्याने बॅगा उचलल्या. सौ.ने लोणच्याची पिशवी मात्र शेवटपर्यंत त्याच्या हाती दिली नाही.

जेवायला बसलो. वाढणाऱ्या मुलाने सौ.कडे वळून अदबीने विचारले, "मॅडम, आपको क्या पसंद है?" ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "साधा दाल-चावल चलेगा इनको. सब्जी कम तीखी." ती काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री त्याने तोच प्रश्न विचारला आणि मीच तेच उत्तर दिले.

बेटावर सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. घड्याळ सगळ्या देशाचे एक, पण ही बेटे पारशिवनीच्या पूर्वेला साडेतेरा अंश. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ पाऊण ते एक तास पुढे. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मग एवढी मोठी रात्र, शेजारीपाजारी कोणी नाही, दळण नाही, दूधवाला नाही, उद्याची भाजी निवडायची नाही. छत्तीस वर्षांत आम्ही दोघे असे समोरासमोर कधी रिकामे बसलोच नव्हतो. पहिले माझे आईवडील, मग मुले, मग मुलांच्या परीक्षा. मी बेटांच्या उत्पत्तीविषयी थोडे बोललो. तिने जांभई दिली. मग आम्ही गप्प बसून लाटा ऐकल्या. खरे सांगायचे, तर मला थोडी भीतीच वाटली. या बाईशी बोलायला माझ्यापाशी घर, मुले आणि भूगोल यांखेरीज काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला एक मुलगी आली. येऊन पाहते, तर पलंगावरची चादर ताणलेली, उशा नीट रचलेल्या, न्हाणीघरसुद्धा पुसून कोरडे. दोन्ही दिवस सौ.ने तेच केले होते. ती मुलगी कानकोंडी झाली. "दीदी, आप ही कर देंगी, तो मेरा क्या काम? साहब लोग समझेंगे, मैं आती ही नहीं."

सौ. ओशाळली. "बरं बाई, कर तू," म्हणून खुर्चीवर बसली. हातातले काम गेले, तशी बोलू लागली. तिची हिंदी नागपुरी आणि त्या मुलीची बंगाली वळणाची, पण दोघींचे जमले. मी पुस्तक उघडून ऐकत होतो.

मुलीचे आजोबा पूर्व बंगालचे. फाळणीनंतर तिकडून निर्वासित होऊन आलेल्या कितीतरी कुटुंबांना सरकारने पन्नासच्या दशकात जहाजाने या बेटांवर आणून वसवले. जंगल तोडून जमीन करायची आणि भात पेरायचा. त्यांनीच वसवलेल्या वाड्यांना गोविंदनगर, कृष्णनगर, राधानगर अशी नावे पडली. ज्या राधानगरच्या किनाऱ्याला टाइम साप्ताहिकाने २००४ साली आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हटले आणि जो पाहायला आमच्यासारखे पाहुणे येतात, तो एका निर्वासितांच्या वाडीचा किनारा आहे.

"दादी को यहाँ का समंदर कभी अच्छा नहीं लगा," ती मुलगी चादर ताणत म्हणाली. "बोलती थी, नदी छूट गयी."

सौ. गप्प झाली. मुलगी निघून गेल्यावरही ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "माझीही सुटली."

तिचे माहेर पेंचकाठचे. लग्नात मी जे गाव पाहिले, ते नव्याने वसलेले. जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, हे मला माहीत होते. अगदी तसेच, जसे मला अंदमान माहीत होते. छडीच्या टोकाएवढे. त्या दिवशी ती बोलली. ती दहा-बारा वर्षांची असताना गाव उठले. घराचे दार आणि सागाच्या तुळया बैलगाडीत घालून नेल्या. चिंचेचे झाड नेता आले नाही. नदीत ती भावांबरोबर पोहत असे, त्यांच्याहून वेगाने. नव्या गावात नदी नव्हती, विहीर होती.

"तुला पोहता येतं?" मी विचारले.

"येत होतं."

"मग कधी बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं?" ती सहज म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. दुधाचा भाव सांगावा तशी.

मला सेल्युलर जेल आठवला. तिथे तोंडे दिसू नयेत म्हणून इंग्रजांनी दहा वर्षे खपून बांधकाम केले होते. आमच्या घरी तर कोणी काहीच बांधले नव्हते.

संध्याकाळी आम्ही राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. पांढरी वाळू, मागे उंचच उंच झाडे. त्यांना तिकडे महुआ म्हणतात. सौ.ने आशेने खालचे फूल हुंगून पाहिले आणि "आपला मोहा नव्हे हा," असा निकाल दिला. मग जीवरक्षकाला विचारून, त्याने दाखवलेल्या टप्प्यात, मुलीने बॅगेत घातलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये ती पाण्यात उतरली. घोट्याएवढे, गुडघ्याएवढे, कमरेएवढे. भरती-ओहोटी, पाण्याखालची ओढ, सगळे मी काठावरून ओरडून सांगत होतो. तिने ऐकले नाही. ती आडवी झाली आणि हात मारू लागली.

साठीची बाई, गुडघे दुखणारी, जिना चढताना कठड्याला धरणारी. पाण्यात ती वेगळीच होती. पन्नास वर्षांत शरीर काही विसरले नव्हते. मी चपला हातात घेऊन काठावर उभा होतो. मला पोहता येत नाही. जगातले सगळे महासागर मी शिकवले, पण गुडघ्यापलीकडच्या पाण्यात कधी उतरलो नाही.

ती बाहेर आली तेव्हा धापा टाकत होती आणि हसत होती. "खारं आहे हो," ती म्हणाली. "नदीचं पाणी गोड असते."

रात्री वाढणाऱ्या मुलाने सवयीप्रमाणे विचारले, "मॅडम को क्या पसंद है?" मी तोंड उघडले आणि मिटले. थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "मछली. रस्सेवाली."

माझी आई माळकरी. आमच्या घरात मासा कधी शिरला नाही, आणि सून म्हणून आलेल्या मुलीने उंबरठ्याबाहेर काय ठेवले, याची चौकशी कोणी केली नाही. मीही नाही. तिने काटे अलगद काढत, सावकाश, मन लावून जेवण केले. मी दाल-चावल खाल्ले.

परत आल्यावर एका रविवारी आम्ही नवेगाव खैरीच्या धरणावर गेलो. पारशिवनीकर सहलीला जातात, पाहुण्यांना नेतात. मी शाळेच्या कितीतरी सहली तिथे नेल्या आणि पाणीसाठा, कालवे, सिंचन हे सारे मुलांना समजावले. नागपूरकरांच्या नळाला येते ते पाणी बहुतांशी या पेंचचेच. ते माझ्या सौ.च्या माहेरावरून वाहत येते, हे मात्र मी एकाही सहलीत सांगितले नव्हते. ती भिंतीपाशी उभी राहून वरच्या अंगाला, डोंगरांकडे पाहत होती. "त्या तिकडे," ती म्हणाली. मी या वेळी विचारले, "चिंच कुठं होती?" तिने बोट दाखवले. तिथे नुसते पाणी होते. पण मी पाहिले.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढे पैसे? मीही तसेच म्हणालो असतो. पण घरी आम्हाला समोरासमोर बसवील असे रिकामपण छत्तीस वर्षांत आले नव्हते, आणि सौ.ला काय आवडते हे विचारायला पगारी माणूस लागला. गच्ची अजून गळते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला विचारतो, "आज काय खावंसं वाटते?" पहिला आठवडाभर ती म्हणाली, "काहीही." दुसऱ्या आठवड्यात तिने नावे सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नुसतं विचारून काय होते हो? आता करायलाही शिका."

यंदाच्या दिवाळीचा चिवडा मी केला आहे. शेंगदाणे जरा करपलेत.