सैनिकांच्या आहारातील भाज्या आणि मसाल्यांची योजना : अमेरिकी सैन्यदलांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सैन्य पोटावर चालते, हे वचन सर्वपरिचित आहे. तथापि ताटात वाढलेले अन्न आणि प्रत्यक्ष पोटात गेलेले अन्न यांत अंतर पडले, तर आहारशास्त्राचे सर्व हिशोब कागदावरच राहतात. भाज्यांच्या बाबतीत हे अंतर विशेषत्वाने जाणवते. मसाल्यांच्या साहाय्याने ते कमी कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकी सैन्यदलांच्या संदर्भात केला आहे.

समस्येचे स्वरूप

अमेरिकेत आहार आणि संरक्षण यांचा संबंध जुना आहे. १९४६ च्या राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यात मुलांच्या पोषणाला राष्ट्रीय सुरक्षेची बाब मानले गेले. पुढे २०१० मध्ये निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या एका संघटनेने आपल्या अहवालात १७ ते २४ वयोगटातील सुमारे २७ टक्के तरुण केवळ अतिरिक्त वजनामुळे सैन्यभरतीस अपात्र ठरतात, असे नमूद केले. भाज्यांमध्ये उष्मांक कमी, तर तंतू व जीवनसत्त्वे भरपूर असल्याने या प्रश्नात त्यांचे महत्त्व उघड आहे.

लष्करी भोजनगृहांत पदार्थांना हिरवा, पिवळा व लाल असे रंगसंकेत देऊन आरोग्यदायी निवड सुचविणारा ‘गो फॉर ग्रीन’ हा कार्यक्रम राबविला जातो. त्यात मिठाच्या प्रमाणाचाही स्वतंत्र निर्देश असतो. परंतु संकेत वाचून मनुष्य पदार्थ निवडील. तो संपवील की नाही, हे मात्र जीभच ठरविते. सैनिकाला आज्ञा देऊन पहाटे धावावयास लावता येते, पण ब्रोकोली आवडीने खाण्याची आज्ञा देता येत नाही.

नावडीमागील कारणे

ब्रोकोली, कोबी, फुलकोबी या वर्गातील भाज्यांत गंधकयुक्त संयुगे असतात. त्यांमुळे कडवटपणा येतो आणि भाजी अधिक वेळ शिजल्यास उग्र वासही सुटतो. कडू चव जाणवण्याची क्षमता काही अंशी आनुवंशिक असते. शेकडो माणसांसाठी शिजवलेली भाजी वाफेवर गरम ठेवावी लागते. त्यामुळे तिचा रंग, पोत आणि स्वाद हे तिन्ही गुण उणावतात.

मसाल्यांचे कार्य

मीठ हा सर्वांत सोपा उपाय होय, कारण सोडियम कडवटपणाची जाणीव दाबते. अडचण येथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. मीठ कमी करावे तर कडवटपणा वर येतो आणि वाढवावे तर भाजी खाण्याचा हेतूच उणा पडतो.

ही पोकळी मसाले भरून काढू शकतात. जिरे, लसूण, ओरेगॅनो यांचा स्वाद मुख्यतः गंधातून येतो. लिंबाच्या आंबटपणामुळे मीठ कमी असले तरी पदार्थ अळणी वाटत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन तर चवीऐवजी उष्णता व वेदना जाणणाऱ्या ग्राहींना चेतविते. मसाल्यांतील अनेक सुगंधी द्रव्ये तेलात विरघळतात. आपल्याकडील फोडणीचे तत्त्व हेच आहे. थोड्या तेलामुळे गाजरासारख्या भाज्यांतील कॅरोटीनचे शोषणही सुधारते.

सैनिकांना तिखटाचे वावडे नाही, हे इतिहासही सांगतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६६ मध्ये, टॅबॅस्को सॉसच्या उत्पादक कंपनीने डबाबंद शिधा रुचकर करण्याच्या कृतींची पुस्तिका प्रसिद्ध केली होती. पुढे सैनिकांच्या तयार शिध्याच्या पाकिटांत या सॉसच्या इवल्या बाटल्या दिल्या गेल्या. बेचव अन्नावर सैनिकाने स्वतःच शोधलेला हा उपाय भोजनगृहाने योजनापूर्वक वापरावयाचा आहे.

अंमलबजावणीतील मर्यादा

अमेरिकी सैन्यदलांच्या प्रमाणित पाककृती शंभर जणांच्या हिशोबाने लिहिलेल्या असतात. तेथे ‘चिमूटभर’ किंवा ‘चवीनुसार’ हे शब्द पुरेसे ठरत नाहीत. मसाल्याचे प्रमाण पाककृतीतच निश्चित असावे लागते. तयार मसाला-मिश्रणांत व सॉसमध्ये मीठ पुष्कळ असू शकते, म्हणून बिनमिठाची मिश्रणे निवडणे अगत्याचे ठरते. सर्वांना एकच तिखटपणा मानवणार नाही. त्यासाठी सौम्य मसाल्याची भाजी आणि मेजावर वेगळे तिखट, अशी व्यवस्था अधिक सोयीची. तसेच अति शिजलेल्या भाजीचे दोष मसाला झाकू शकत नाही. थोड्या थोड्या प्रमाणात, वारंवार ताजी भाजी शिजविणे ही पहिली पायरी होय.

निष्कर्ष

भाज्यांचे पोषणमूल्य सैनिकाला पटवून देणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. योग्य शिजवण, मोजके तेल, कमी मीठ आणि विचारपूर्वक योजलेले मसाले यांच्या योगे आरोग्यदायी पदार्थ हाच आवडता पदार्थ होण्याची शक्यता वाढते. या योजनेचे यश किती भाजी शिजली यावरून न मोजता, ताटांत किती उरली यावरून मोजले जावे. त्या दृष्टीने भोजनगृहातील आचारी हा सैन्याच्या आरोग्यव्यवस्थेचाच एक घटक ठरतो.