हातांचे अपघात आणि त्यांचें निवारण

‘हातावर पोट असणें’ हा मराठी भाषेंतील एक जुना व नेमका शब्दप्रयोग आहे. ज्याच्या घरीं शेतीवाडी नाहीं, पेढीवर ठेव नाहीं, आणि आजच्या मजुरीवरच ज्याची उद्यांची चूल पेटते, त्याचें पोट हातावर आहे असें म्हणतात. या शब्दप्रयोगांत एक कठोर सत्य दडलेलें आहे. हात गेला कीं पोटाचा आधारच जातो. आणि कारखान्यांत, छापखान्यांत, सुताराच्या दुकानांत किंवा उसाच्या गुऱ्हाळांत यंत्राच्या तोंडाशीं शरीराचा जो अवयव सर्वांत आधीं जातो, तो हातच होय. म्हणून कामाच्या जागीं होणाऱ्या दुखापतींचा विचार करतांना हाताचा विचार प्रथम करणें योग्य ठरतें.

मनुष्याच्या एका हातांत, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, २७ हाडें असतात: मनगटांत ८, तळहातांत ५ आणि बोटांत १४. बोटें जोरानें मिटविणारे मुख्य स्नायू मात्र बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागांत असतात. तेथून दोरीसारख्या बळकट कंडरा निघून अरुंद नळ्यांतून सरकत बोटांच्या हाडांपर्यंत पोंचतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा पडद्याआडून दोऱ्या ओढतो, तसाच हा प्रकार आहे. या रचनेमुळें बोटें सडपातळ व चपळ राहतात. परंतु याच रचनेमुळें त्यांची दुरुस्ती कठीण होते. तुटलेली कंडरा शस्त्रवैद्यानें शिवली तरी जखम भरतांना ती आपल्या नळीला चिकटून बसण्याचें भय असतें. आणि चिकटली म्हणजे बोट असूनही वांकत नाहीं. मज्जातंतु तुटला तर स्पर्श जातो, आणि ज्या बोटाला सुई टोंचलेली कळत नाहीं, त्या बोटानें सुई नीट उचलतांही येत नाहीं.

बोट गेल्यानें माणसाचें किती नुकसान होतें, याचें कोष्टक कायद्यानेंही मांडलें होतें. १९२३ सालीं हिंदुस्थानांत कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या पुढें सुधारलेल्या परिशिष्टाप्रमाणें अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० नें, तर्जनी संपूर्ण गेल्यास १४ नें, मधलें बोट गेल्यास १२ नें, आणि अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७ नें कमी झाली असें धरीत. एका हाताचीं चार बोटें गेल्यास हा आंकडा ५० होई आणि दोन्ही हात गेल्यास १००. अंगठ्याची किंमत करंगळीच्या चौपटीहून अधिक कां, हें उघड आहे. अंगठा इतर बोटांसमोर येऊन टेकतो म्हणूनच मनुष्याला वस्तु घट्ट पकडतां येते. पण असें कोष्टक सर्वांना एकच माप लावतें. शिंपी, सोनार, घड्याळजी किंवा तबलजी यांच्या तर्जनीचें मोल शेंकडा १४ मध्यें बसत नाहीं.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. १८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कारखाना कायदा झाला आणि त्यांत यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद आली. परंतु तो शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या व यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. १८८४ सालीं ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला, त्यांत रविवारची सुट्टी व दुपारची विश्रांति यांबरोबर आणखी एक मागणी होती. कामावर जबर दुखापत झालेल्या मजुराला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होय. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यानें आपल्या २१ व्या कलमांत यंत्राचे धोकादायक भाग पक्क्या आवरणांत ठेवण्याचें बंधन घातलें. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागीं निदान दहा कामगार असले म्हणजे तो लागू होई. २०२० सालीं संसदेनें मंजूर केलेल्या संहितेंत ही संख्या वीस करण्यांत आली. बोटें तोडणारीं यंत्रें मात्र पुष्कळदां पांच-सात माणसांच्या लहान दुकानांतच असतात. तेथें इन्स्पेक्टरची वाट पाहण्यांत अर्थ नसतो. मालकाची सदसद्विवेकबुद्धि आणि कामगाराचें ज्ञान यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अपघात झाला कीं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारण्याची रीत आहे. या शेऱ्याची थोडी गणिती परीक्षा करून पाहावी. पत्र्याचे तुकडे ठोकणाऱ्या यंत्रावरील कामगार दर पांच सेकंदांस एक तुकडा लावीत असेल, तर एका मिनिटांत १२, एका तासांत ७२० आणि आठ तासांच्या पाळींत ५,७६० वेळां त्याचा हात यंत्राच्या जबड्यांत जातो व बाहेर येतो. सहा दिवसांच्या आठवड्यांत ही संख्या ३४,५६० होते. यांतील प्रत्येक खेपेस त्याचें लक्ष अचूक असलेंच पाहिजे. एका खेपेस शेजाऱ्यानें हाक मारली, घाम डोळ्यांत गेला किंवा रात्रपाळीची डुलकी आली, कीं बोट गेलेंच. चौतीस हजार वेळां न चुकणारा मनुष्य ब्रह्मदेवानें अद्याप निर्माण केलेला नाहीं. तेव्हां जें काम चुकीला तिळमात्र वाव देत नाहीं, त्यांतील दोष माणसाच्या लक्षाचा नसून कामाच्या रचनेचा आहे. ‘हात सांभाळा’ अशी पाटी लावणें सोपें आहे. हात आंत घालण्याची गरजच राहूं नये अशी व्यवस्था करणें, हें खरें निवारण होय.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे पॉवर प्रेस. कुलपें, डबे, भांडीं, मोटारींचे सुटे भाग या सर्वांसाठीं पत्रा कापण्याचें व वांकविण्याचें काम हें यंत्र करतें. त्याच्या बाजूस एक जड चाक सतत फिरत असतें. कामगारानें पायानें पेडल दाबलें कीं क्लच त्या चाकाची गांठ प्रेसच्या दांड्याशीं घालून देतो, आणि वरचा ठोकळा खालीं येऊन पत्र्यावर आदळतो. जुन्या धर्तीच्या प्रेसमध्यें एकदां क्लच लागला म्हणजे ठोकळा पूर्ण फेरी करूनच थांबतो. मध्यें त्याला कोणालाही थांबवितां येत नाहीं. शिवाय क्लचची चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पेडल न दाबतांही दुसरा ठोका पडतो, आणि तयार तुकडा काढण्यासाठीं आंत गेलेला हात त्याखालीं सांपडतो. हरियाणांत मोटारींचे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांविषयीं ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेनें २०१९ पासून जे अहवाल प्रसिद्ध केले, त्यांतही बोटें तोडणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेसच अग्रभागीं दिसतो.

यावर उपाय आहेत आणि ते गूढ नाहींत. सर्वांत भरंवशाचा उपाय म्हणजे डायच्या भोंवतीं पक्कें आवरण बसवून त्यांत पत्रा जाण्यापुरतीच फट ठेवणें. फटींतून पत्रा जाईल, बोट जाणार नाहीं. फट मोठी ठेवावी लागली तर आवरण धोक्याच्या जागेपासून त्या मानानें दूर बसवावें. दुसरा उपाय दोन बटनांचा. एकमेकांपासून दूर असलेलीं दोन बटनें दोन्ही हातांनीं एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालत नाहीं. त्यामुळें त्या क्षणीं दोन्ही हात बाहेरच असतात. मात्र एक बटन दोरीनें बांधून ठेवण्याची युक्ति जेथें चालते, तेथें हा उपाय फुकट जातो; म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटनें सुटलींच पाहिजेत अशी योजना असावी. तिसरा उपाय प्रकाशाच्या पडद्याचा. प्रेसच्या समोर अदृश्य किरणांची जाळी असते. हातानें ती अडविली कीं प्रेस थांबतो. हा उपाय मोठा आकर्षक आहे, पण ज्या प्रेसला मध्येंच थांबतां येतें त्यालाच तो उपयोगी. जुन्या चावीच्या क्लचवर तो बसविणें म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीला घंटा बांधणें होय. जेथें आंत कांहीं ठेवणें-काढणें अटळच आहे, तेथें लांब चिमटा किंवा चुंबकाची दांडी वापरावी. चिमटा चिरडला तर दुसरा मिळतो.

दुसरा मोठा धोका परस्परांकडे फिरणाऱ्या रुळांचा. उसाचा चरक, रबर मळण्याचे रूळ, चाकावरून धांवणारा पट्टा हीं त्याचीं उदाहरणें. येथें ठोका नसतो, ओढ असते. बोटाचें टोक किंवा बाहीचा कांठ एकदां पकडला गेला कीं रूळ उरलेला हात आपण होऊन ओढून घेतात, आणि तो मागें खेंचण्याइतका अवधि माणसाला मिळत नाहीं. गुऱ्हाळांत ऊस घालतांना, रसवंतीवर चिपाड पुन्हा लावतांना, गोठ्याजवळ कडबाकुट्टीच्या यंत्रांत वैरण सारतांना असे अपघात होतात. उपाय हाच कीं, माल घालण्याचें तोंड इतकें लांब व झांकलेलें असावें कीं हात आंत गेला तरी बोटें रुळापर्यंत किंवा पात्यापर्यंत पोंचूं नयेत. मळणी यंत्रासाठीं हा नियम भारतीय मानकानें आंकड्यांत सांगितला: पीक घालण्याची पन्हाळी निदान ९०० मिलिमीटर लांब असावी, आणि तिचा निदान ४५० मिलिमीटर भाग वरून झांकलेला असावा. मळणी यंत्रांत शेतमजुरांचे हात जाऊं लागले, म्हणून १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

पुष्कळ हात काम चालू असतां नव्हे, तर यंत्र साफ करतांना किंवा अडकलेली वस्तु काढतांना जातात. एकाचा हात आंत असतो, आणि पलीकडे उभा असलेला दुसरा, त्याची कल्पना नसल्यामुळें, बटन दाबतो. येथें नियम एकच: मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावें, आणि ज्याचा हात यंत्रांत जाणार, किल्ली त्याच्याच खिशांत असावी. अमेरिकेंत १९८९ सालीं ही पद्धति नियमानें सक्तीची करण्यांत आली. एका कुलपाला कितीसा खर्च येतो! वीज गेल्यामुळें थांबलेलें यंत्र हें बंद यंत्र नव्हे, हेंही लक्षांत ठेवावें. वीज येतांच तें पुन्हा फिरूं लागेल.

हातमोजे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. कांच, धारदार पत्रा, तापलेला धातु किंवा तेजाब हाताळतांना योग्य मोजे हवेतच. अमेरिकेंतील स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं १९६५ सालीं शोधलेल्या केव्हलार धाग्याचे मोजे धारेपासून हाताचें चांगलें रक्षण करतात. परंतु ड्रिल, लेथ यांसारख्या फिरणाऱ्या यंत्रांवर मोजा घालणें घातक आहे. फिरणारा भाग मोज्याचें टोक पकडून बोटासह गुंडाळून घेतो. अंगठी, कडें, घड्याळ व सैल बाही यांचीही हीच कथा. अंगठी अडकून ओढली गेली तर बोटावरची कातडी सोलून निघते. लग्नांतील अंगठी असली तरी कामावर जातांना ती घरीं ठेवावी. तिच्यावांचून आठ तास संसाराला बाध येत नाहीं. बोट गेल्यानें येतो.

इतकें करूनही अपघात झालाच, तर पहिल्या कांहीं मिनिटांतील शहाणपण फार मोलाचें असतें. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चुना किंवा कॉफीची पूड जखमेंत भरूं नये. तुटलेलें बोट टाकून देऊं नये. तें ओलसर स्वच्छ कापडांत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करावें, आणि ती पिशवी बर्फांत ठेवावी. बोट मात्र बर्फाला किंवा पाण्याला थेट लागूं देऊं नये. याप्रमाणें थंड ठेवलेलें बोट कित्येक तास जिवंत राहूं शकतें. १९६२ सालीं बोस्टन येथें डॉ. रोनाल्ड माल्ट व त्यांचे सहकारी यांनीं एका मुलाचा तुटलेला हात पुन्हा जोडला. १९६५ सालीं जपानमधील नारा येथें कोमात्सु व तामाइ यांनीं पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें जोडला. आज भारतांतील मोठ्या शहरांतही ही शस्त्रक्रिया होते. एक जखम मात्र फसवी असते. रंग किंवा ग्रीस मोठ्या दाबानें फवारणाऱ्या नळीचें टोक बोटाला लागल्यास फक्त सुईएवढें छिद्र दिसतें, पण आंत शिरलेलें द्रव्य बोट कुजवितें. त्या दिवशीं दुखलें नाहीं तरी ताबडतोब शस्त्रवैद्याकडे गेलें पाहिजे.

सुशिक्षित शहरी कुटुंबांना हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. घर हेंही कोणाच्या तरी कामाची जागा असतें. स्वयंपाकाची बाई मिक्सरच्या भांड्यांत बोट घालण्यापूर्वीं पिन काढते काय, विळी वापरून झाल्यावर तिचें पातें मिटविलें जातें काय, फुटलेली कांच केराच्या पिशवींत तशीच टाकली जाते कीं कागदांत गुंडाळून व वर खूण करून दिली जाते, हे प्रश्न लहान दिसतात. पण त्या पिशवींत हात घालणारा सफाई कामगारही हातावर पोट असलेलाच मनुष्य असतो. ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे, त्यांनीं एकदां यंत्रापाशीं उभें राहून कामगाराचा हात कोठवर जातो तें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. जेथें तो हात आंत जातो, तेथें आवरण बसविण्याचें काम पुढच्या महिन्यावर टाकूं नये. घरांतील डबा, कुलूप, मोटारीचें दार या प्रत्येकावर कोणाचा तरी हात फिरलेला असतो. तो हात शाबूत राहील एवढी तजवीज करणें हा उपकार नव्हे, तें साधें कर्तव्य आहे.