एका बाकावरची लोकशाही

निवडणुकीच्या दिवशी खेडोपाडी मतदानकेंद्र बहुधा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतच असते, आणि मतदारयादी घेऊन बसलेला कर्मचारी पुष्कळदा शिक्षकच असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणबाह्य कामांस जुंपण्यास मनाई केली. परंतु जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. लोकशाहीला शाळेची इमारत हवी असते, शिक्षकही हवा असतो. एरवी त्या इमारतीत कोणाची मुले बसतात, हा प्रश्न मात्र तिला क्वचितच पडतो. वस्तुतः लोकशाहीचे भवितव्य त्याच प्रश्नाशी निगडित आहे.

शाळेने नागरिक घडवावा म्हणजे नागरिकशास्त्राचा तास घ्यावा, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. राष्ट्रपतींचे अधिकार आणि लोकसभेची सभासदसंख्या पाठ करून गुण मिळविता येतात. पण आपल्या नात्यातला, जातीतला वा ऐपतीचा नसलेला माणूसही आपल्याइतकाच मताचा धनी आहे, हे पाठांतराने अंगी बाणत नाही. ते एका बाकावर बसून, एकाच फळ्याकडे पाहून आणि एकाच छडीला भिऊन अंगवळणी पडते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी हिशेबाचाच प्रश्न उभा केला होता. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस होतो, असे दाखवून त्यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर दाखल करण्याचा आदेश दिला. पहिल्या हुकमाने मूल शाळेत आले. दुसऱ्याने शाळा सर्वांची झाली. लोकशाहीच्या दृष्टीने दुसरा हुकूम अधिक मोलाचा होय.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के होते. तरीही १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरळीत पार पडली. मग लोकशाहीचे शाळेवाचून अडते कोठे? मतदानापुरते अडत नाही, हे खरेच. परंतु राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला होता. ही दरी बालवयातच कमी करू शकणारी सार्वजनिक शाळेच्या तोडीची दुसरी संस्था दाखविणे कठीण आहे.

म्हणूनच १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सर्वांसाठी समान शाळांचा पुरस्कार केला आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सुचविले. दोन्ही शिफारशी आजही अपुऱ्याच आहेत. दरम्यान सुस्थितीतील कुटुंबांनी सार्वजनिक शाळेचा उंबरठा सोडला. त्यांत कारकून, अधिकारी आणि खुद्द त्या शाळांतील शिक्षकही आहेत. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली या प्रक्रियेचे मर्म सांगितले. दर्जाविषयी जागरूक असलेले पालकच प्रथम बाहेर पडतात, आणि त्यांच्यासमवेत संस्थेला जाब विचारणारा आवाजही निघून जातो. मागे राहतात ते ज्यांच्या तक्रारीला वजन नाही असे पालक. गळके छप्पर वर्षानुवर्षे गळतच राहते ते यामुळे.

पालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. स्वतःच्या मुलावर तत्त्वाचा प्रयोग करा असे कोणी कोणास सांगू नये. परंतु शासनानेच ही फाळणी गृहीत धरावी, हे गंभीर आहे. शिक्षण हक्क कायद्यान्वये खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी आहेत. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट देणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्दबातल ठरविली. गरिबाची शाळा जवळच आहे, मग त्याने शेजारच्या शाळेत यावेच कशाला, हाच त्या सवलतीचा अर्थ होता.

उपाय अप्राप्य नाहीत. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. या समित्या कागदावर सह्या घेण्यापुरत्या न राहता शाळेचा जमाखर्च तपासू लागल्या, तर मोलमजुरी करणारी आई मुख्याध्यापकांना प्रश्न विचारील आणि शेजारी बसलेले तिचे मूल ते ऐकेल. ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत, त्यांनीही ग्रामसभेत आणि नगरपालिकेत तिच्यासाठी पैसा व शिक्षक मागितले पाहिजेत. कारण तेथील मुले उद्या मत देणार आहेत ती सर्वांच्याच भवितव्यावर. सार्वजनिक शाळा ही गरिबांची सोय मानली, की तिला दान मिळते. ती सर्वांची मानली, तरच तिला हक्काचे माप मिळेल.