मज्जा कोण रिकामी करतं?

१८८८ साली पाउल एर्लिख या जर्मन डॉक्टरांसमोर एका तरुण गर्भवतीचं शव होतं. रक्तस्राव, ताप आणि पाहता पाहता मृत्यू. त्यांनी मांडीच्या हाडात पाहिलं, तर मज्जा पिवळी, नुसती चरबी. कोडं हेच होतं. अंगातलं रक्त इतकं घटल्यावर मज्जेनं दुप्पट जोमानं कामाला लागायचं, लालबुंद व्हायचं. इथे तर रक्त घडवणाऱ्या पेशींचा मागमूस नव्हता.

धडधाकट माणसाची मज्जा सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बनवते. एवढं वाचून होईपर्यंत तुमच्या हाडांत कोटीभर नव्या पेशी तयार झाल्यासुद्धा! या सगळ्यांचा उगम मोजक्या मूळपेशींत. एर्लिख यांनी पाहिलेल्या आजारात, म्हणजे अप्लास्टिक अॅनिमियात, त्याच जवळपास नाहीशा होतात. बराच काळ संशय विषांवर होता: बेन्झीन, क्लोरॅम्फेनिकॉलसारखं औषध. तो खोटा नव्हता. पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत असं काही सापडतच नसे.

उलगडा झाला तो एका फसलेल्या उपचारातून. फ्रान्समध्ये डॉक्टर जॉर्ज माते मज्जारोपण करत. परकी मज्जा नाकारली जाऊ नये म्हणून ते आधी सीरम देऊन रुग्णाच्या लिम्फोसाइट पेशी दाबून टाकत. १९७० च्या सुमारास त्यांना दिसलं, की दिलेली मज्जा रुजली नाही, तरीही काही रुग्ण सुधारले. स्वतःच्याच मज्जेवर! म्हणजे मूळपेशी पुरत्या संपल्या नव्हत्या. कुणीतरी त्यांना डोकं वर काढू देत नव्हतं. पुढे जुळ्यांनी याला दुजोरा दिला. एकसारख्या जुळ्याची मज्जा परकी कशी म्हणायची? पण काही रुग्णांत तीही टिकेना. आधी प्रतिकारशक्ती दाबली, की मात्र टिके.

आरोपी होत्या लिम्फोसाइटपैकी टी पेशी. खरं तर त्यांचं माहेर मज्जाच. तिथून निघालेल्या कोवळ्या पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत आपलं-परकं ओळखायला शिकतात आणि मग विषाणूंनी बाधलेल्या पेशींचा काटा काढत अंगभर हिंडतात. या आजारात त्या माहेरावरच उलटतात. टी पेशी मूळपेशीला चिकटते, तिच्या पृष्ठभागावरचं एचएलए प्रथिन आणि त्यानं धरलेला प्रथिनाचा तुकडा चाचपते. खूण पटली, की इंटरफेरॉन-गॅमा सोडते. त्यानं मूळपेशीची वाढ खुंटते आणि तिच्या अंगावर फॅस नावाचं प्रथिन वाढतं. टी पेशीनं तिथे बोट ठेवलं, की मूळपेशी स्वतःच स्वतःला संपवते.

म्हणूनच मज्जारोपण शक्य नसेल, तर टी पेशींनाच आवर घालतात. माणसाच्या थायमसमधल्या पेशी घोड्याला टोचायच्या आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं सीरमच्या रूपात रुग्णाला द्यायची. सर्पदंशावरचं औषधही घोड्यांकडूनच मिळतं. हाफकिन संस्थेमुळे महाराष्ट्राला हे नवं नाही. जोडीला सायक्लोस्पोरिन, नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीचं देणं. सशाचं सीरम टी पेशींना अधिक दाबतं, तेव्हा तेच सरस ठरणार असा अनेकांचा होरा होता. २०११ साली अमेरिकेतली तुलना प्रसिद्ध झाली: घोड्याच्या सीरमला प्रतिसाद ६८ टक्के, सशाच्या ३७. घोडा जिंकला!

मला सगळ्यात थक्क करतात त्या निसटलेल्या पेशी. २०११ मध्येच जपानी संशोधकांनी दाखवलं, की सुमारे १३ टक्के रुग्णांत काही मूळपेशींनी सहाव्या गुणसूत्राचा एक भाग गमावलेला असतो. आई-वडिलांपैकी एकाकडून आलेली तिथल्या एचएलए जनुकांची प्रत गायब, दुसऱ्याकडची मात्र दोनदा. यात हुशारी कसलीच नाही, विभाजनातली ही निव्वळ चूक. पण टी पेशी जी खूण शोधते तीच नाहीशी झाल्यामुळे ही पेशी हल्ल्यातून वाचते आणि तांबड्या, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं सगळं रक्त, कधी कधी वर्षानुवर्षं, पुरवत राहते. अशा पेशी रक्तात सापडल्या, की डॉक्टरांना दुहेरी माहिती मिळते: हे काम टी पेशींचंच, आणि त्यांना आवरणारं औषध इथे लागू पडण्याची शक्यता चांगली.