मधल्याची ओळख

श्रोतेहो, सरासरी हा शब्द आतां आपल्या घरोघरीं रुळला आहे. पावसाची सरासरी, परीक्षेंतील गुणांची सरासरी, क्रिकेटपटूच्या धांवांची सरासरी; मूल भागाकार शिकण्यापूर्वींच हा शब्द त्याच्या कानांवरून गेलेला असतो. त्याच कुळांतला दुसरा एक शब्द, मध्यक, मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडत नाहीं. मुलें त्याचें सूत्र परीक्षेपुरतें घोकतात आणि परीक्षा संपतांच विसरतात. हा मध्यक म्हणजे काय, तो आंकड्यांच्या यादींतून व आलेखांवरून कसा काढावा, आणि तो शिकवितांना घरांतील वडील माणसांनीं कोणती काळजी घ्यावी, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम त्याची गरज कोठें पडते तें पाहूं. समजा, एका वाड्यांत सात बिऱ्हाडें आहेत आणि त्यांची महिन्याची मिळकत अनुक्रमें १२, १४, १५, १६, १८, २० व ११५ हजार रुपये आहे. बेरीज २१० हजार झाली. तिला सातांनीं भागलें म्हणजे सरासरी ३० हजार येते. या वाड्यांतील बिऱ्हाडांची मिळकत सरासरीनें ३० हजार आहे, असें कोणीं लिहिलें तर त्याच्या हिशेबांत चूक नाहीं. परंतु वाचणाराची समजूत मात्र चुकते. सातांपैकीं सहा बिऱ्हाडें तिसांच्या पुष्कळ खालीं आहेत, आणि बरोबर ३० हजार मिळविणारें तर तेथें एकहि नाहीं. उलट, चढत्या क्रमानें मांडलेल्या या रांगेंतला मधला, म्हणजे चौथा आंकडा उचलला तर १६ हजार हाती येतात. तीन बिऱ्हाडें त्याच्या खालीं, तीन वर. शेवटच्या बिऱ्हाडाची मिळकत उद्यां दुप्पट झाली तरी हा आंकडा जागचा हलत नाहीं. सरासरी मात्र ४६ हजारांच्या वर चढते, आणि बाकीच्या सहा घरीं तर एक पैहि अधिक आलेली नसते. सरासरी ही एकूण रकमेची समान वाटणी आहे. मध्यक ही रांगेंतील एक जागा आहे. एवढा भेद मुलाच्या मनांत ठसला म्हणजे अर्धें काम झालें.

हा भेद ठसविण्यास कागद-पेन्सिलहि लागत नाहीं. शेजारचीं नऊ मुलें अंगणांत उंचीच्या क्रमानें उभीं करावीं आणि दोन्ही टोंकांकडून एकाच वेळीं एकेकास खालीं बसवावें. शेवटीं जो उभा राहील, त्याची उंची हा त्या मुलांच्या उंचीचा मध्यक. येथें एक मौज मुलांच्या आपोआप ध्यानांत येते. नवांची उंची मोजावी लागली नाहीं. एकट्या मधल्याची मोजली म्हणजे पुरे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७५ सालीं हीच युक्ति सुचविली होती, आणि मध्यकास आज इंग्रजींत जें नांव आहे तें त्यानें १८८१ सालीं वापरलें.

आतां यादीकडे वळूं. सुट्टींत पांच मुलांनीं वाचलेल्या पुस्तकांची संख्या ५, २, ९, १, ४ अशी आहे. मधला आंकडा कोणता, असें विचारतांच बहुतेक मुलें ९ म्हणतील, कारण तो लिहिण्याच्या ओळींत मधोमध आहे. त्यांस लगेच चूक म्हणूं नये. "सर्वांत अधिक वाचणारा मुलगा मधला कसा?" एवढेंच विचारावें. मग मूल स्वतःच १, २, ४, ५, ९ असा क्रम लावील आणि ४ हें उत्तर देईल. शिकविणारानें उदाहरण निवडतांना मात्र एक पथ्य पाळावें. ३, ९, ४, १, ६ अशी यादी दिली तर क्रम न लावतांहि मधोमध ४ च येतात आणि क्रम लावूनहि ४ च येतात. चुकीच्या वाटेनें बरोबर उत्तर मिळालें कीं ती वाट मुलाच्या अंगवळणीं पडते. ज्या उदाहरणांत चूक उघडी पडते, तेंच उदाहरण चांगलें.

आंकडे सम असले तर मधले दोन उरतात. २, ३, ५, ८, ९, १२ यांत ५ आणि ८ उरले. त्यांची बेरीज करून निम्मी घ्यावी, म्हणजे साडेसहा. चौकस मूल येथें विचारील, "साडेसहा पुस्तकें कोणींच वाचलेलीं नाहींत, मग हें उत्तर कसें?" हा प्रश्न मोलाचा आहे. मध्यक हा कोणा एकाचा आंकडा असलाच पाहिजे असें नाहीं. तिघे इकडे आणि तिघे तिकडे, अशी ती सीमेची खूण आहे, असें त्यास सांगावें.

खरी अडचण आलेखांत येते. एका वर्गांतील पंचवीस मुलांनीं आपापल्या घरांतील माणसें मोजलीं असें समजा. तीन माणसांचीं घरें ८, चारांचीं ६, पांचांचीं ५, सहांचीं ३, आणि सात, आठ व अकरा माणसांचें प्रत्येकीं एक. आडव्या रेघेवर माणसांची संख्या लिहून प्रत्येक घरासाठीं एकेक टिंब वर रचलें म्हणजे लहानमोठे खांब उभे राहतात. आतां मध्यक विचारा. एक मूल आडव्या रेघेचा मध्य काढील. ३ आणि ११ यांच्या मधोमध ७. दुसरें मूल ३, ४, ५, ६, ७, ८, ११ या सात संख्यांमधली चौथी, म्हणजे ६, सांगेल. तिसरें सर्वांत उंच खांब पाहून ३ म्हणेल. तिन्ही उत्तरें चुकलीं, आणि तिन्हींचें कारण एकच: मुलांनीं रेघ पाहिली, आंकडे पाहिले, खांब पाहिले, घरें पाहिलीं नाहींत. रांग घरांची आहे. प्रत्येक टिंब म्हणजे एक घर आणि टिंबें पंचवीस. डावीकडून एक टिंब खोडावें, लगेच उजवीकडून एक खोडावें. बारा-बारा खोडलीं म्हणजे चारांच्या खांबांत एक टिंब शिल्लक राहतें. मध्यक ४. हें एकदां हातानें केलें म्हणजे पुढें मोजणी पुरते: ८ घरें तिनांचीं, चारांचीं ६ मिळवून १४, तेरावें घर अर्थात् चारांच्या खांबांत. प्रत्येक पायरीस मागची बेरीज मिळवीत जाणें, हीच संचित वारंवारता. नांव जड असलें तरी गोष्ट हलकी आहे.

वरच्या इयत्तेंत आंकडे गटांनीं दिलेले असतात. चाळीस मुलांस शाळेंत पोंचण्यास लागणारा वेळ घ्या. दहा मिनिटांच्या आंत पोंचणारीं ६, दहा ते वीस मिनिटांत १०, वीस ते तीस मिनिटांत १६, तीस ते चाळीस मिनिटांत ६, आणि चाळीस ते पन्नास मिनिटांत २. संचित बेरजा ६, १६, ३२, ३८, ४० अशा होतात. आलेख काढतांना या बेरजा प्रत्येक गटाच्या वरच्या टोंकावर मांडावयाच्या. मुलें त्या गटाच्या मधोमध मांडतात व तेथेंच चुकतात. वीस मिनिटें पुरीं होतील तेव्हां १६ मुलें पोंचलेलीं असतात, म्हणून १६ ची खूण विसावर. खुणा जोडून रेघ काढावी. मग उभ्या रेघेवर चाळिसांच्या निम्मे, म्हणजे २०, येथून आडवें जावें. वक्ररेषा जेथें भेटेल तेथून सरळ खालीं उतरावें. पाय साडेबावीस मिनिटांवर टेंकतो.

याचें कारणहि तोंडीं सांगतां येतें. वीस मुलें हवींत, त्यांपैकीं सोळा आधींच आलीं, राहिलीं चार. पुढच्या गटांत सोळा मुलें आहेत. चार हा त्यांचा पाव भाग. म्हणून दहा मिनिटांच्या गटांत पाव वाट चालावयाची, म्हणजे अडीच मिनिटें. विसांत अडीच मिळवून साडेबावीस. पुस्तकांतील लांबलचक सूत्र एवढेंच बोलतें. त्यांत एक गृहीत आहे, तें मात्र लपवूं नये: गटांतील मुलें दहा मिनिटांत सारखीं विखुरलीं आहेत असें आपण धरलें. म्हणून हा मध्यक अंदाजाचा आहे.

मध्यकाचें सामर्थ्य दाखविणारी एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडांत प्लिमथ येथील जनावरांच्या प्रदर्शनांत एका बैलाचें कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, याचा अंदाज लोकांनीं सहा पेन्सांच्या तिकिटावर लिहावयाचा होता. गाल्टननें तीं तिकिटें मिळविलीं. सदोष टाकून ७८७ उरलीं. त्यांचा मध्यक १२०७ पौंड आला, आणि प्रत्यक्ष वजन भरलें ११९८ पौंड. चूक शेंकडा एकाहूनहि कमी. हें त्यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. एखाद्या विक्षिप्त माणसानें भलताच आंकडा लिहिला तर सरासरी त्याच्याकडे ओढली जाते; मध्यकांत मात्र त्यास इतरांसारखें एकच मत मिळतें, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें सरासरी काढली तेव्हां ती ११९७ पौंड भरली, म्हणजे त्या खेपेस तीच सत्याच्या अधिक जवळ होती. यावरून मुलांनीं शिकावें तें हें कीं, दोहोंपैकीं एक खरें व दुसरें खोटें असा हा वाद नव्हे. घरास वर्षाचें धान्य किती लागेल हें काढावयाचें असेल तर सरासरीच हवी, कारण तेथें एकूण बेरजेशीं काम आहे. सामान्य बिऱ्हाडाची स्थिति जाणावयाची असेल तर मध्यक हवा. प्रश्न कोणता, हें आधीं ठरवावें, माप मागून.

शेवटीं आईबापांशीं दोन शब्द. गुणपत्रक हातीं येतांच "वर्गाच्या निम्म्यांत तरी आहेस कां?" असें आपण विचारतों. श्रोतेहो, मध्यकाचा अर्थच असा कीं वर्गांतलीं निदान निम्मीं मुलें त्याच्यावर किंवा त्याच्या खालीं असावयाचींच. शिक्षक कितीहि उत्तम असला आणि मुलें कितीहि कष्टाळू असलीं, तरी सबंध वर्ग मध्यकाच्या वर नेतां येत नाहीं; सर्वांचे गुण वाढले कीं मध्यकहि वर सरकतो. म्हणून रांगेंतल्या जागेवरून मुलास बोल लावणें हा गणिताच्या दृष्टीनेंहि अन्याय आहे. गेल्या खेपेस त्यास काय येत नव्हतें आणि आज काय येतें, ही तुलना त्याच्याच दोन पत्रकांची करावी. ज्या घरांत ही समज आली, तेथें मध्यकाचा धडा खरोखर शिकला गेला असें मी म्हणेन.