मिरचीच्या रोपांसाठी उचलतं जाळीघर



हिंगणघाटचा मुलूख कापसाचा. तरी पऱ्हाटीच्या जोडीला विहिरीजवळ दहा-वीस गुंठे मिरची, वांगी, टमाटर लावणारे तुमच्यात पुष्कळ आहेत. मिरचीचं रोप तयार व्हायला सहा आठवडे लागतात. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला लावणी हवी, तर बी मे अखेरीस, ऐन नवतप्यात टाकावं लागतं. पारा तेव्हा ४५ अंशांच्या घरात असतो. कोवळं रोप होरपळतं, आणि जे वाचतं त्यावर पांढरी माशी बसते.

ही माशी चुरडा-मुरडा, म्हणजे बोकड्या रोगाचे विषाणू पसरवते. रोपातच रोग शिरला की झाड खुजं राहतं, मिरची नीट धरत नाही. विषाणूवर औषध नाही. म्हणून पहिले सहा आठवडे रोप सांभाळणं, हाच खरा उपाय. दोघांनी उचलून नेता येईल असं लहान जाळीघर त्यासाठी पुरतं.

कोणतं घ्यावं?

चारही बाजूंनी प्लास्टिक लावलेलं घर आपल्याकडे उन्हाळ्यात घेऊ नका. आत हवा कोंडते आणि रोपं उकडून निघतात. आपल्याला जाळीच हवी. पण जाळी दोन प्रकारची असते, हे ध्यानात ठेवा. हिरवी, ५० टक्के सावलीची जाळी फक्त ऊन अडवते. तिच्या छिद्रांतून माशी सहज आत जाते. माशी अडवायला ४० मेशची पांढरी बारीक जाळी लागते. ४० मेश म्हणजे एका इंचात ४० छिद्रं. दुकानात पट्टी लावून मोजून घ्या, लाजू नका.

सांगाडा बांबूचा चालतो. दहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच पुरे. बुडाला डांबर लावा, म्हणजे वाळवी लागणार नाही. वादळवारं येतं, तेव्हा चारही कोपरे खुंट्यांना दोरीनं बांधा.

किती लागतील?

आत तीन फूट रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा. तीन इंचांवर ओळी, ओळीत इंचावर एक बी, असं साधारण १४०० बी बसतं. दहापैकी सात-आठ उगवलं तरी हजार रोपं मिळतात. दोन बाय दोन फुटांवर लावलं तर दहा गुंठ्यांना २७०० रोपं लागतात. म्हणजे तीन सांगाडे झाले. एकरभर मिरची असेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून करावं.

वापरायचं कसं?

१. घरचं बियाणं असेल तर किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा.

२. पांढरी जाळी पहिल्या दिवसापासून लावा. कडा मातीत दाबा. एक फट राहिली तरी सारी मेहनत वाया जाते.

३. हिरवी जाळी वरून घाला, ती फक्त कडक उन्हापुरती. आभाळ भरून आलं की काढा. सावलीत रोपं उंच, किडकिडीत होतात.

४. पाणी झारीनं, सकाळी द्या. उन्हाच्या दिवसांत संध्याकाळीही थोडं द्या. वाफा सतत चिंब राहिला तर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

५. जोराच्या पावसात वरच्या बाजूला उतार देऊन प्लास्टिक टाका, बाजू मोकळ्या ठेवा.

६. लावणीआधी आठ दिवस पाणी कमी करा. शेवटचे तीन-चार दिवस जाळी आधी संध्याकाळी, मग दिवसभर उघडा. घरातून एकदम वावरात नेलेलं रोप मान टाकतं.

रोपं निघाली की जाळी धुऊन, घडी करून सावलीत ठेवा. पुढच्या साली सांगाडा दुसऱ्या जागी मांडा. त्याच मातीत मागचा रोग टिकून असतो. उचलतं घर घ्यायचं ते यासाठीच.

एक सांगायचं राहिलं. फुलकिडे माशीहून बारीक असतात, या जाळीतूनही काही शिरतात. तेव्हा दर दोन दिवसांनी पानं उलटून पाहा. शंका वाटली तर दोन रोपं घेऊन सेलसुऱ्याच्या कृषि विज्ञान केंद्रात जा आणि दाखवून या.

सहा आठवडे रोप जपा, पुढचं पीक आपोआप सावरेल.