न दिसणाऱ्या ग्रहाची कक्षा : ‘संतमस’च्या मापनाचे स्वरूप

प्रस्तावना :
आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २०१९ च्या उपक्रमात एचडी ८६०८१ या ताऱ्याच्या नामकरणाचा मान भारतास मिळाला. १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ त्यास ‘बिभा’ हे नाव देण्यात आले. त्याच्या ग्रहास पुण्यातील एका शालेय विद्यार्थ्याने सुचविलेले ‘संतमस’ हे नाव लाभले. २००६ मध्ये शोध लागलेला हा ग्रह प्रत्यक्ष दिसलेला नाही. तरीही त्याची कक्षा कशी मोजली गेली व त्या मापनातील कोणता भाग कितपत निश्चित मानावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाची पद्धत :
ग्रह आणि तारा हे दोघेही सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. त्यामुळे तारा आळीपाळीने आपल्याकडे येतो व दूर जातो. येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस, तर जाताना तांबड्या बाजूस सरकतात. हाच डॉप्लर परिणाम होय. पृथ्वीची गती वजा केल्यावर ‘बिभा’च्या या आंदोलनाचा कमाल वेग सेकंदास सुमारे २०८ मीटर भरतो, म्हणजेच तरंगलांबीतील बदल कोटीत अवघे सात भाग असतो.

कक्षेचे गणित :
वेगाच्या आलेखाची पुनरावृत्ती २.१४ दिवसांनी होते. हा परिभ्रमणकाल निरीक्षणातून थेट मिळत असल्याने सर्वाधिक विश्वसनीय ठरतो. अंतर मात्र केप्लरच्या तिसऱ्या नियमाने काढावे लागते. ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या १.२१ पट आणि काल ०.००५८५ वर्ष धरल्यास, कालाचा वर्ग व वस्तुमान यांच्या गुणाकाराचे घनमूळ ०.०३४६ येते. हे अंतर खगोलीय एककात असून ते सुमारे ५२ लाख किलोमीटर होते. बुध सूर्यापासून याच्या अकरा पट दूर आहे.

मर्यादा :
कक्षेचा कल या पद्धतीने कळत नाही, कारण केवळ दृष्टिरेषेतील वेग मोजला जातो. म्हणून ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या ‘किमान’ दीडपट, एवढेच म्हणता येते. कक्षेचे प्रतल आकाशपटलाशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर तेच वस्तुमान तिप्पट गुरूएवढे ठरेल.

निष्कर्ष :
काल मोजलेला, अंतर ताऱ्याच्या वस्तुमानावर अवलंबून असलेले आणि ग्रहाचे वस्तुमान केवळ किमान मर्यादेत ज्ञात, अशा निश्चिततेच्या तीन पायऱ्या येथे आढळतात. पाठ्यपुस्तकातील कोष्टकात मात्र तिन्ही आकडे शेजारी शेजारी, एकाच दर्जाचे भासतात. हा भेद विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी मोठ्या दुर्बिणीची आवश्यकता नाही. गेवराईसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पदवीच्या वर्गातही फळ्यावर हे गणित मांडता येते.